डावीकडे ओढणारी गाडी

संपादकमहाशय आणि वाचकहो, आधी माफी मागतो. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच, आणि तोही सायन्सला. छापण्यासाठी लिहिण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. आपल्या मासिकातले असले अनुभव वसतिगृहात मोठ्याने वाचून आम्ही हसतो, हेही सांगून टाकतो. चिंचेखालची पांढरी बाई, उलटे पाय... असलं लिहिणाऱ्यांचा मला तिटकाराच वाटत आला. आज त्यांच्याच रांगेत उभं राहावं लागतंय, त्याची लाज वाटते.

गाव तारकर्ली. माझे धाकटे काका — गाव त्यांना तात्या म्हणतो — बरीच वर्षं आगबोटीवर इंजिनखात्यात होते. त्यामुळे जगातलं प्रत्येक यंत्र आपल्याला विचारून चालतं, अशी त्यांची समजूत. गोवा सुटला त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी बांद्याच्या मेव्हण्याकडून, म्हणजे काकीच्या भावाकडून, बाबलमामाकडून, एक जुनी विलायती मोटारसायकल घेतली. दणकट, लांबच्या प्रवासाची. कुणी पाखलो, म्हणजे पोर्तुगीज साहेब, तिच्यावरून बायकोला घेऊन गोवाभर हिंडायचा. बायको बसायची ती डाव्या बाजूला जोडलेल्या एका चाकाच्या साइडकारमध्ये. ती साइडकार तात्यांनी बांद्यालाच टाकली.

काकीला नेमकी तीच हवी होती. विहिरीवर पडल्यापासून काकी खुब्यात अधू. एसटीच्या पायऱ्या चढवत नाहीत, मोटारसायकलवर मागे बसवत नाही. बांद्याला तिची आई अंथरुणाला खिळलेली, आणि मेव्हण्याने पाठवलेली टॅक्सी दारात उभी राहिलेली तात्यांना खपत नसे.

"अवो, तेवढो पाळणो लावा," काकी म्हणाली. "माका आवशीक बघूक जावक मेळात."

"बायल बाजूक बसवन फिरूक मी काय सर्कशीत आसंय?"

विषय संपला.

तात्या गाडी काढत ते रविवारी, मालवणला मिरवायला. पहिल्याच रविवारपासून ती डावीकडे ओढू लागली. सरळ रस्त्यावर तात्या उजवीकडे झुकून बसत, तेव्हा कुठे ती सरळ चाले. रापणीचं जाळं ओढणारा पांडू एकदा बंदरावरून ओरडला, "तात्यानु, गाडयेक उलांडी बांधा, नायतर कलंडतली." उलांडी म्हणजे होडी उलटू नये म्हणून तिच्या बाजूला बांधतात ते लाकूड. सगळं बंदर हसलं. गावातल्या शहाण्यांनी मग पाखल्याचं भूत शोधून काढलं. त्यावर तात्यांचं उत्तर मात्र मला आवडलं: "सगळो गोवो सोडून पाखलो माझ्याच गाडयेर मरूक बसतलो?"

मी मे महिन्याच्या सुटीत घरी आलो, तर ते माझ्यावर घसरले. "कॉलेजात काय झक मारतंस? गाडी डावीकडे कित्याक वढता ता सांग."

मी सांगायचं ठरवलं. साइडकारच्या गाडीचे टायर मधोमध सपाट झिजतात आणि वळणावर दगा देतात, म्हणून दोन्ही टायर नवे मागवले. स्पोक एकसारखे ताणले. मागचं चाक पुढच्याच्या रेषेत आहे का ते दोरी लावून पाहिलं, होतं. हँडलच्या मानेतले छर्रे बदलले. पुढचा फोर्क काढून सपाट लादीवर ठेवला, वाकलेला नव्हता. हवा मोजली, पुन्हा मोजली. मालवणचा मिस्त्री अधूनमधून यायचा, विडी ओढत बघायचा आणि "सायबाची गाडी, सायबाचेच नखरे" एवढं शास्त्र सांगून जायचा.

गाडी डावीकडेच. दिवाळीला आलो तर नव्या टायरांची डावी कड गुळगुळीत झालेली, उजवीकडची नक्षी जशीच्या तशी.

तात्या टायरवर थुंकले. पडवीत तांदूळ निवडत बसलेली काकी म्हणाली, "रिकामी जागा वढता."

"तू गप. यंत्रातलां तुका काय कळता?"

"नाय तर. माका कोण इचारता?"

त्याच सुटीतल्या रविवारी दुपारी तात्या तापाने पडले होते, काकी आत झोपली होती. मी गाडी घेऊन मालवणपर्यंत गेलो. एकटाच. ओढ होती, पण ती हँडलची वाटेना... डावीकडे कुणीतरी बसलंय आणि वळण आलं की सवयीने थोडं कलतंय, तशी. परत येऊन माडाखाली थांबलो. मी अजून उतरलोही नव्हतो. टांग्यातून माणूस उतरल्यावर टांगा जसा वर येतो, तशी गाडी हलकेच वर आली.

जुन्या स्प्रिंगा, मी म्हटलं.

आतून काकीचा झोपाळलेला आवाज आला, "आज बरी हळू चलवलंस. तुझो काका हिसके देता."

गाडीचा आवाज ऐकला असेल, मी स्वतःला सांगितलं. अजूनही तेच सांगतो. तात्यांना एवढंच म्हटलं, की गाडी साइडकारच्या हिशेबाने बांधलेली आहे, एकदा लावून तर बघू.

"बायलमाणसाचो वकील झालंस?" ते म्हणाले. "शिकलंस मा, मगे रिकामीच चलवन दाखय."

मी कोल्हापूरला, कॉलेजला परतलो. टायरच्या एका कडेवर भार का पडावा, हे मी आमच्या प्राध्यापकांना विचारलं, बाकीचं न सांगता. त्यांनी मी तपासलेल्याच गोष्टी पुन्हा तपासायला सांगितल्या.

परवा बाबलमामा मालाच्या ट्रकबरोबर कोल्हापूरला आला आणि वसतिगृहाच्या दारात उभा राहिला. डोकं भादरलेलं. काकीची आई गेली, मला कळलं.

"तात्यांनी काकीला आणलं?" मी विचारलं.

"तुझो काका एकटोच इलो, गाडयेर. बायल मागसून बसणा नाय म्हणालो." "पण आवस समाधानान गेली रे. म्हणा होती, माझी लेक दर आयतवारी येता, माझ्या खाटीर बसता. आमी म्हटलां, म्हातारेक भ्रम झालो."

मामाने पुढे सांगितलं ते असं: बाराव्यानंतर, ती साइडकार एकदाची विकून टाकावी म्हणून त्याने मागची शेड उघडली. साइडकार त्यानेच विटांवर चढवून ठेवली होती, चाक अधांतरी. त्या चाकाचा टायर झिजून आतलं कापड दिसत होतं. बांद्याची माती लाल. रिमच्या कडेला चिकटली होती ती पांढरी वाळू, आमच्या दर्यावरची, बारीक शिंपल्यांसकट.