गादीवरून सतरंजीवर

देवासला आमच्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवाची एक सभा आहे, आणि तिला चक्क राजा आहे. हसू नका! पणजोबा संस्थानच्या चाकरीत होते. शेवटी शेवटी संस्थानात लोकांनी निवडलेली सभा आली होती म्हणे. संस्थान गेलं, पण त्या सभेचे नियम आमच्या लोकांच्या अंगातून जाईनात. सभासद निवडून यायचे, ठराव करायचे, मग राजानं ‘मंजूर’ म्हणायचं. ‘नामंजूर’ म्हणाला की ठराव संपला. मात्र चर्चा चालू असताना राजानं आत पाऊल टाकायचं नाही, आणि त्याला मत नाही.

कितीतरी वर्षं हा राजा म्हणजे माझे काका. सभा भरली की ते बाहेर ओसरीवर, गादीवर, फेटा बांधून एकटेच. लहानपणी ते सगळं मला झोपेत पाहिल्यासारखं वाटायचं. पिवळं ऊन, उदबत्तीचा वास, टेकडीवरच्या देवीची घंटा, आतून भांडणाचा गलका आणि बाहेर डुलक्या घेणारा राजा. कधी वाटायचं, आतली सभा त्यांनाच पडलेलं स्वप्न आहे. ‘नामंजूर’ त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही.

यंदा दुखण्यातून उठले आणि मला म्हणाले, “पोरी, मरायच्या आधी मला एकदा आत बसायचंय गं. हात वर करायचाय.”

पण राजा असेपर्यंत ते कसं जमणार? मग सभासद म्हणून मीच ठराव आणला, गादी बंद करा आणि काकांना सभासद करून घ्या. काय गहजब झाला! एक जण माळवी हिंदीत ओरडला, “अरे भिया, परंपरा का क्या होगा?”

“परंपरेला बाहेर एकटं बसून कंटाळा आलाय!” मी म्हटलं.

ठराव झाला. नियमाप्रमाणे तो घेऊन मी ओसरीवर गेले. काका टक्क जागे होते. “मंजूर,” म्हणाले. फेटा उतरवून गादीवर ठेवला आणि माझा हात धरून आत आले. सगळ्यांत मागे, सतरंजीवर बसले.

पुढचा विषय होता, गणपतीतले कार्यक्रम यापुढे हिंदीत करायचे. पोरांना मराठी कळत नाही, खरंच आहे ते. सगळ्यांचे हात वर गेले, माझाही.

“विरोधात?”

मागे एकच हात, काकांचा. ते इतके खूश दिसत होते की मला रडूच आलं. ठराव अर्थातच पास झाला.

घरी येताना मी भडकलेच. “विषय तुम्हाला आधीपासून ठाऊक होता ना? थोडा वेळ गादीवर थांबला असतात, तर एका शब्दात अडवलं असतंत!”

“अडवलं असतं,” ते सावकाश चालत म्हणाले. “पुढल्या वर्षी हा विषय परत मांडता येतो ना?”

“येतो.”

“मग आता मला घरोघर जायला हवं. तुझ्यापासूनच सुरुवात करतो. सांग, तू हात का वर केलास?”