नको तिथली खाच

गॅरेजवाल्यांच्या त्या गल्लीत तिला सगळे वहिनी म्हणत. खरी वहिनी ती एकट्या बारक्याची, म्हणजे धाकट्या दिराची. पण तो दिवसभर "वहिनी, टेस्टर दे", "वहिनी, तेरा नंबरचा पाना कुठं गेला" असा कोकलत असायचा, त्यामुळे हळूहळू सगळ्यांच्याच तोंडी तेच बसलं. साठी ओलांडलेले ट्रकवालेसुद्धा "वहिनी, जरा हॉर्न बघता का" म्हणत. "तुम्ही मला वहिनी म्हणालात तर माझ्या नवऱ्याचं वय काय धरायचं हो?" असं विचारून ती त्यांना गप्प करी आणि मग हॉर्न बघून देई.

गॅरेज नवऱ्याचं. इंजिनाचं काम त्याच्याकडे, वेल्डिंग बारक्याकडे आणि वायरिंग वहिनीकडे. लग्न होऊन आली तेव्हा तिला फ्यूज म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, असं नवरा आल्यागेल्याला हसत हसत सांगतो. डोळे मिटून इंजिन उघडणारा हा माणूस लाल वायर दिसली की हात मागे घेतो, हे मात्र तो सांगत नाही. एकदा इलेक्ट्रिशियन अर्ध्यावर काम टाकून निघून गेला, गिऱ्हाईक डोक्यावर बसलं, तेव्हा चहा घेऊन आलेल्या वहिनीने किटली खाली ठेवली आणि एकेक वायर धरून शेवटपर्यंत जात राहिली. संध्याकाळी दिवे लागले. त्या दिवसापासून चहा बाहेरून यायला लागला.

बारक्या तेव्हा शाळेत होता. सासूबाई आधीच गेलेल्या. त्याला जेवू घालणं, त्याच्या डोक्याला तेल लावणं, खोटं बोलला की पाठीत धपाटा घालणं, हे सगळं वहिनीनेच केलं. पहिल्यांदा वेल्डिंग करताना ठिणगी उडून त्याचा गाल भाजला, तर ती दुपारभर फुंकर घालत बसली होती. मिसरूड फुटलं तरी हा गडी आधी वहिनीला विचारणार आणि मग दादाला. नवरा म्हणायचा, "माझा भाऊ तू पळवलास." तिला ते ऐकायला फार आवडायचं.

अशा या तिघांकडे एक शेठ जीप घेऊन आला. त्याच्या बऱ्याच जीपा होत्या, माणसं डोंगरावर धबधब्याला नेणाऱ्या, आणि सगळ्यांची इंजिनं म्हातारी झालेली. शेठचं म्हणणं सरळ होतं: या एका जीपमध्ये मोठं इंजिन बसवा. न उकळता भरलेली गाडी चढ चढली, तर बाकीच्या सगळ्या जीपा तुमच्याकडे. हॉर्न आणि दिवे दुरुस्त करून पोट भरणाऱ्या गॅरेजला दुसरं काय हवं? वहिनीने तर मनातल्या मनात वायरिंगसाठी वेगळी खोलीही बांधून टाकली, खिडकीसकट.

इंजिन बसलं. पण ते इतकं लांब होतं की त्याचं तोंड रेडिएटरला टेकायचंच बाकी राहिलं. जुन्या इंजिनाच्या नाकावर पट्ट्याने फिरणारा पंखा असायचा. आता तिथे पंखा सोडा, तळहात घालायची मारामार. गाडी जागेवर चालू ठेवली तरी तापमानाचा काटा भराभर वर जाई. नवरा म्हणाला, रेडिएटर पुढे सरकवू. पुढे जाळी होती. बारक्या म्हणाला, जाळी कापू. वहिनी म्हणाली, "तुम्ही दोघं जरा बाजूला व्हा बघू."

तिने दिव्यांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, कात्री घेतली आणि बॉनेटखाली अर्धी आत शिरली. पाय बाहेर, आवाज आतून. पुठ्ठा लावायचा, अडला की काढायचा, कापायचा, परत लावायचा. मनगटं सोलून निघाली, पण शेवटी जागा सापडली. रेडिएटरच्या मागे एका बाजूला चार बोटं रुंद पोकळी होती, तिथे एक चपटा विजेचा पंखा बसत होता. दुसरा पुढून, जाळी आणि रेडिएटर यांच्यामध्ये. त्या पुढच्या पंख्याला धरणाऱ्या पट्टीला खालच्या कोपऱ्यात तिला एक वेडीवाकडी खाच पाडावी लागली, कारण ही जीप कधीतरी कशावर तरी आपटली होती आणि समोरचा पत्रा तेवढ्याच ठिकाणी आत आला होता.

पुठ्ठ्यावरून बारक्याने पत्रा कापला, पट्ट्या जोडल्या; पुढच्या जीपांना लागेल म्हणून नवऱ्याने पुठ्ठा कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात घातली. भंगारातून आणलेले दोन्ही पंखे मागून हवा ओढणारे होते. पुढचा तसाच बसवला तर तो हवा उलटी, बाहेर फेकणार. म्हणून वहिनीने त्याचं पातं काढून पालथं बसवलं, वायरी उलट जोडल्या आणि वरून टेप गुंडाळला. "हे बघून ठेव रे," ती म्हणाली. "बघतोय," बारक्या फोनमधून मान वर न काढता म्हणाला.

जीप चढ चढली. माणसांनी ठासून भरलेली, ऐन दुपारी, आणि काटा निम्म्यावरून हलला नाही. शेठने नवऱ्याचा हात हातात घेतला, बारक्याची पाठ थोपटली, आणि वहिनीला म्हणाला, "चहा मिळेल का?" ती हसली. खुशीत होती, तिला त्याचंही काही वाटलं नाही.

त्यानंतर शेठ फिरकला नाही. बारक्या जाऊन चौकशी करून आला आणि तोंड पाडून म्हणाला, "बेत फिसकटला, वहिनी. शेठ जीपा विकायच्या म्हणतोय." थोड्याच दिवसांत त्याला गावाबाहेरच्या फॅक्टरीत वेल्डरची नोकरी लागली. इथे बसून काय करणार, असं म्हणाला, आणि तेही खरंच होतं. वहिनी रोज लवकर उठून त्याचा डबा भरून द्यायला लागली. रात्री मात्र तिला झोप येईना. आपलंच काहीतरी चुकलं असेल, या विचाराने ती कूस बदलत राही. नवरा तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणे, "जाऊ दे ना. नशिबात नव्हतं."

मग एका दुपारी गॅरेजसमोर एक जीप वाफा सोडत येऊन थांबली. नवरा जेवून घरी आडवा झाला होता. वहिनी एकटीच होती. ड्रायव्हर नवा होता, तिला ओळखत नव्हता. मागे माणसं घामाघूम होऊन बसलेली.

"ताई, मिस्त्री आहेत का? चढाच्या आधीच उकळली."

"मीच आहे," वहिनी म्हणाली आणि जाळीपाशी वर्तमानपत्राचा कपटा धरला. तो आत चिकटायला हवा होता, तर भुर्रकन उडून तिच्या तोंडावर आला. पुढचा पंखा हवा बाहेर फेकतोय आणि मागचा आत ओढतोय, दोघांची रस्सीखेच चाललीय, हे तिला तिथेच कळलं. जरा गार झाल्यावर तिने बॉनेट उघडलं.

पंखे तिच्याच पद्धतीने बसवलेले होते. एक मागे, एक पुढे, पट्ट्याही तशाच. असेल, दुसऱ्या कोणाला सुचू नये असं थोडंच आहे, म्हणून तिने मनाची समजूत घातली. मग खालच्या कोपऱ्याकडे नजर गेली. तिथे खाच होती. तीच, वेडीवाकडी. तिने बोट फिरवून पाहिलं. या जीपचा समोरचा पत्रा सरळ होता, एक ओरखडा नाही. खाचेची काही गरजच नव्हती. तिच्या पुठ्ठ्यावर पत्रा ठेवून जसाच्या तसा कापल्याशिवाय ही खाच इथे येणं शक्य नव्हतं.

"कुठं केलं हे काम?" तिने विचारलं.

"पेट्रोल पंपामागे नवी शेड झालीय ना, तिथं. पोरगा फार हुशार आहे, ताई. डिझाइन सगळं त्याचं स्वतःचं म्हणे. आमच्या शेठच्या सगळ्या जीपा त्याच्याकडेच चालल्यात."

"गालावर भाजल्याचा डाग आहे त्याच्या?"

"तोच! ओळखता तुम्ही?"

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते तिला त्या दिवशी कळलं. ज्याला वाढवलं त्याने केसाने गळा कापला होता. आणि ती मूर्खासारखी रोज पहाटे उठून त्याला डबा भरून देत होती, वर "फॅक्टरीत डोळे सांभाळ रे" म्हणत होती! तिला वाटलं, बॉनेट धाडकन आपटावं आणि सांगावं, जा, ज्याने केलं त्याच्याकडे जा. पण मागच्या सीटवर एक म्हातारी पदराने वारा घेत होती, आणि पुढे चढ होता. वहिनीने पातं काढलं, पालथं बसवलं, वायरी उलट्या केल्या, रेडिएटरमध्ये पाणी भरलं. या वेळी कपटा जाळीला घट्ट चिकटला.

"मग त्याने हे का नाही केलं?" ड्रायव्हरने विचारलं.

"त्याचं लक्ष फोनमध्ये होतं," ती म्हणाली.

जीप गेली. वहिनीने शटर ओढलं आणि घराकडे निघाली. वाटेत तिला रडू फुटलं. लोक बघत होते, बघू देत. बारक्याने सरळ मागितलं असतं तर तिने पुठ्ठाच काय, दोन्ही हात कापून दिले असते. पण थोडं पुढे गेल्यावर ती नवऱ्याचा विचार करायला लागली. त्याला हे कसं सांगायचं? सख्खा भाऊ. त्यात त्याला रक्तदाबाच्या गोळ्या चालू. एकदम सांगून चालणार नाही, आधी पाण्याचा तांब्या जवळ ठेवायचा, मग हळूहळू विषय काढायचा. दारात पोचेपर्यंत तिने तोंड पुसून वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती.

नवरा खाटेवर उठून बसला होता. तिने तांब्या भरून त्याच्याजवळ ठेवला.

"अहो, एक सांगायचंय. त्रास करून घेऊ नका."

"काय झालं?"

"बारक्या फॅक्टरीत जात नाही."

काय? मग जातो कुठे? असलं काहीतरी तो विचारेल म्हणून ती थांबली. नवऱ्याने चादरीची एक सुरकुती सरळ केली.

"तुला कोणी सांगितलं?" तो म्हणाला.

वहिनीला कपाटाची किल्ली आठवली. जुळवून आणलेली सगळी वाक्यं डोक्यातून निघून गेली.

"पुठ्ठा तुम्ही दिलात," ती म्हणाली.

"अगं, ऐकून तर घे. शेठची अट होती, कामाला बाईचा हात नको. बाईने वायरिंग केलंय म्हटल्यावर त्याची माणसं हसायला लागली. म्हणाली, गाडीत पॅसेंजर बसतात. मग बारक्याने स्वतःचं म्हणून काम घेतलं. घरातलं काम घरातच राहिलं ना? तो काय परका आहे?"

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"चिडली असतीस."

"चिडले असते."

"तेच तर. उगाच घरात कटकट नको."

बायकोला राग येईल म्हणून तिला फसवायचं आणि वर त्याला घराची शांती म्हणायचं, असली अक्कल पुरुषांना कुठून सुचते कोण जाणे. बारक्या लहान होता, लोभी होता, पळाला. त्याच्यावर ओरडता तरी आलं असतं. पण हा माणूस शेजारी झोपत होता. ती तळमळत असताना, सगळं माहीत असून, हा तिच्या पाठीवरून हात फिरवत होता. त्या हाताची तिला शिसारी आली.

"आणखी कोणाला माहीत आहे?" तिने विचारलं.

नवऱ्याने तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"सांगा ना. गल्लीत कोणाला माहीत आहे?"

"आता तसं म्हणशील तर," तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "सगळ्यांनाच."