मागे बांधलेले हात

आमच्या नवलाख उंबरे गावच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या भाऊंना माझ्या कीबोर्डला हात लावताना मी एकदाच पाहिलंय. शिकवताना ते हात पाठीमागे बांधून उभे राहतात. मी नांदेडकडचा, नववीत शाळा सोडलेला. लेबल छापायच्या प्रोग्रामचं मूळ कोडपासून लिनक्स पॅकेज, म्हणजे कुठल्याही मशीनवर एका झटक्यात बसवता येईल असा गठ्ठा, बांधायचं काम त्यांनी मला दिलं. जमलं नाही तर परत माल उचलायला जायचं होतं. एरर आली की मी ती न वाचताच बंद करायचो.

"घाबरतो काय?" भाऊ मागून म्हणायचे. "वाच की. काय सापडंना म्हणतंय?"

चौथ्या दिवशी पॅकेज झालं. भाऊ म्हणाले, "आता कोऱ्या मशीनवर बांध, जिच्यावर काहीच टाकलेलं नाही." तिथं अडलं. प्रोग्रामला लागणारी एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, मी माझ्या मशीनवर आधीच हातानं टाकली होती, पण लागणाऱ्या गोष्टींच्या यादीत लिहिलीच नव्हती.

"लय श्याना हायेस!" भाऊ हसले. मी यादी सुधारली आणि तिथंही झालं.

पॅकेजमध्ये ते सांभाळणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. मी भीतीनं भाऊंचं घातलं होतं. तेव्हा त्यांनी हात सोडले. माझं आडनाव विचारलं, स्वतःचं नाव खोडलं आणि माझं लिहिलं.

"बिघडलं तर आता तुलाच बोलावतील," म्हणाले, आणि हात पुन्हा मागे बांधले.