रोहूची माय
परवा रक्त द्यायला गेले, तर सिस्टरने हाताला स्पिरिटचा बोळा लावला आणि त्या वासासरशी मला केळझरच्या बाजूचं ते तळं आठवलं. सन दोन हजारच्या आगेमागे मी रोहू माशाच्या जनुकांचा नकाशा करत होते. एका जोडीच्या आणि तिच्या पिल्लांच्या परांचे तुकडे स्पिरिटमध्ये ठेवायचे, मग पिल्लात कुठली खूण आईची आली आणि कुठली बापाची, ते प्रयोगशाळेत शोधायचं. पिल्लं बोटभर झाल्यावर मी पेटी उघडली, तर आईबापांच्या शिश्यांवरची नावं स्पिरिटने पार धुऊन नेलेली. पेन्सिलीऐवजी पेनने लिहिण्याचा शहाणपणा माझाच! शेवाळलेल्या पायरीवर बसून मी चक्क रडले. तळं सांभाळणारे म्हातारे भोई पाण्यात उतरले. नर वेगळ्या जाळीतच ठेवलेला होता, पण मादी तळ्यात सोडून दिली अशी माझी समजूत. तासाभराने ते तिलाही घेऊन आले, परावर कात्रीची खूण असलेली. "घे, हे पाह्य पिल्लायची माय," म्हणाले. मी दोघांच्या परांचे नवे तुकडे घेतले. पुढे तपासणीत बापाच्या खुणा जुळल्या, आईच्या मात्र कुठल्याच पिल्लात दिसेनात. मी तणतणत तळ्यावर गेले. जाळं विणता विणता, वर न बघता ते म्हणाले, "खरी माय तं अंडे सोडल्यावरच मेलती, पोरी. तू रडून राह्यलती, मले सांगनंच झालं नाई. ह्या दुसरीच्या पराले कात्री म्याच मारली." माझं भांडण तिथेच विरलं. त्या परक्या मासोळीची शिशी अजून माझ्या फ्रीजरमध्ये आहे, आणि तिच्यावर पेन्सिलीने लिहिलंय, 'माय'.