जावयाच्या दोन मोटारी आणि माझा गतिरोधक

रविवार, दिनांक ८ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या जावयाने अमरावतीच्या आमच्या गल्लीत दोन मोटारी आणून उभ्या केल्या. एक तांबडी, एक पिवळी. प्रत्येकीत आसने दोन. जावई, मुलगी आणि दोन नातवंडे मिळून माणसे चार. दोन्ही मोटारी घेतल्यास कुटुंब बरोबर मावते, असे जावयाचे गणित होते.

मी त्यांना चहा विचारला. गणितावर बोललो नाही.

दिनेशराव अकोल्याचे. कापसाची स्वतःची जिनिंग गिरणी आहे. मनुष्य सरळ. सुपारीसुद्धा खात नाहीत. मात्र लहानपणापासून त्यांना शर्यतीच्या मोटारीचे वेड, आणि आता पंचेचाळिशी आली तरी ते उतरलेले नाही. अडचण एकच होती. माझी मुलगी नीता हिने घरात जाहीर करून ठेवले होते, ‘बाबानं पास केली तरच गाडी दारात येईन.’

यात तिची चूक नाही. मी एकतीस वर्षे शेतीच्या अवजारांची चाचणी घेण्यात घालवली. ट्रॅक्टर, मळणीयंत्र, फवारणीचा पंप. जे माझ्या हाताखालून गेले ते एक तर पास झाले, नाही तर परत गेले. खोटा अहवाल मी एकही लिहिला नाही. (माझ्या लग्नात सासऱ्यांनी दिलेले घड्याळदेखील मी चाचणीत नापास केले होते. ते प्रकरण वेगळे.)

मोटारींबरोबर नागपूरच्या विक्रेत्याचा टाय लावलेला एक माणूस आला होता. त्याने माझ्यापुढे गुळगुळीत पत्रक धरले.

“सर, शून्य ते शंभर, फक्त तीन सेकंदांत!”

“कशासाठी?” मी विचारले.

त्याने पत्रकाची घडी घातली. मग घाम पुसत म्हणाला, “सर, गल्लीच्या तोंडाशी तो उंचवटा आहे ना, तो बघून आम्ही मागच्या रस्त्याने वळसा घालून आलो. कोणी घातलाय तो?”

“मी,” मी म्हणालो. आणि अभिमानाने म्हणालो!

तो गतिरोधक माझ्या आयुष्याचे काम आहे. पोरे मोटारसायकली उधळीत म्हणून मी महानगरपालिकेकडे तीन वर्षे अर्ज केले. शेवटी तिथला अभियंता मला पाहून मागच्या दाराने जाऊ लागला, तेव्हा मंजुरी मिळाली. उंची माझ्या देखरेखीखाली ठेवली. नियमात बसते त्याहून ती चार बोटे अधिक आहे. गल्लीतील लोक त्याला माझ्या माघारी काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. येथे लिहिण्यासारखे नाही.

चहा होईपर्यंत नीताने मला स्वयंपाकघरात बोलावले.

“बाबा, दोन्ही नापास करा.”

“अहवाल चाचणीआधी लिहीत नसतो.”

“मंग चाचणी घ्या न् करा नापास! बाबा, हे वेड डोक्यातून निघालं पायजे. माह्या सासूचे गुडघे पाहाले ना तुमी? तिले त्या गाडीत बसवाचं कसं? क्रेन लावू?”

“निकष कडक राहतील,” मी म्हणालो. एवढे आश्वासन पुरेसे होते. माझ्या निकषांतून आजवर मोठमोठे ट्रॅक्टर रडत बाहेर पडले आहेत.

नऊ वाजता चाचणी सुरू केली. मोजपट्टी, वही आणि सरकीचे एक पोते एवढे साहित्य घेतले. निवृत्त एस.टी. मेकॅनिक गफ्फारभाई शेजारी राहतात. ते सहायक म्हणून आपण होऊन आले. पाठोपाठ गल्ली आली.

पहिला निकष, ओढण्याची ताकद. दोहोंपैकी एकाही मोटारीला मागे हूक नव्हता. शून्य गुण.

“सर, हिला हूक कशाला लागेल?” टायवाला म्हणाला.

“ट्रॉलीला,” मी म्हणालो.

दुसरा निकष, भारवहन. तांबडीचे पुढचे झाकण उघडले. आत इंजिन नव्हते! आमच्या सौभाग्यवती अंगणातून ओरडल्या, “बाप्पा! मशीनच चोरीले गेली वाट्टे!” इंजिन पाठीमागे असल्याचे टायवाल्याने सांगितले. पुढच्या खड्ड्यात एक मध्यम कोहळे राहील एवढी जागा होती. पोते आसनावर ठेवावे लागले. ते खाली असे रुतले की काढताना निघेना. अखेर गफ्फारभाईंनी त्याच्याखाली सतरंजी सारली आणि दोन माणसांनी सतरंजीसकट ओढून काढले. पिवळीच्या मागे पोते मुकाट्याने बसले. तिचे इंजिन जिथे असावे तिथेच होते.

तिसरा निकष, जमिनीपासून उंची. पिवळी एक वीत. तांबडी चार बोटे. सौभाग्यवतींची कणकेची परात मी तांबडीखाली सरकवून पाहिली, तर अडकली. (परात त्यांनी दोन दिवस वापरली नाही.)

“मामाजी,” दिनेशराव हळूच म्हणाले, “चालवून तं पाहा.”

चालवल्यावाचून अहवाल पुरा होत नाही, हे खरे होते. प्रथम पिवळी चालवली. गाडी शहाणी. आवाज नाही, धक्का नाही, बडनेरा रस्त्यावर मला डुलकी येऊ लागली. मागच्या रस्त्याने परत आणून लावली आणि वहीत सात गुण दिले.

मग तांबडी. तिचे दार वर उघडते, कोंबडीने पंख उचलावा तसे. आत बसायचे म्हणजे आधी पाठ द्यायची, मग देवाचे नाव घेऊन सोडून द्यायचे. मी सोडून दिले. बराच वेळ खाली जात राहिलो. शेजारी दिनेशराव बसले. क्लच नव्हता, डावा पाय बेकार झाला. बाहेर मोकळा रस्ता लागला तसे जावई म्हणाले, “आता दाबा, मामाजी.”

मी दाबले.

माझी पाठ आसनात गेली आणि तोंडातून एक आवाज निघाला. तो आवाज मी बावन्न वर्षे काढला नव्हता. दर्यापूरजवळच्या आमच्या गावी शंकरपट भरे. बैलजोड्यांच्या त्या शर्यतीत मी एकोणीस वर्षांचा असताना एकदा धुरकऱ्या झालो होतो, जोडी हाकली होती. तेव्हा काढला होता.

“काय म्हनले, मामाजी?”

“काही नाही. वेग नोंदवा.”

“तुमी हसून राहिले काय?”

“ऊन डोळ्यांवर येत आहे.”

पुढच्या वळणावरून परतायचे ठरले होते. मी त्याच्याही पुढच्या वळणावरून परतलो. येताना डोक्यात पटाची जोडी होती, हातात चाक होते आणि वाट सवयीची होती. मागच्या रस्त्याऐवजी मी सरळ गल्लीच्या तोंडाशी वळलो.

“मामाजी, ब्रेकर!”

“ब्रेकर माझाच आहे. मला ठाऊक आहे.”

पुढची चाके पार झाली. मागची आलीच नाहीत. खरर्र आवाज झाला आणि खुडूक कोंबडी अंड्यावर बसावी तशी ती मोटार माझ्या गतिरोधकावर बसली.

टायवाला डोक्याला हात लावून धावत आला. “सर, आधी उतरा! वजन कमी झाल्याशिवाय ती उचलता येणार नाही!”

दिनेशराव टुणकन उतरले. मी उतरलो नाही. उतरण्यासाठी गुडघे छातीपासून सोडवणे आवश्यक होते, आणि त्यांचा तसा विचार दिसत नव्हता.

“उतरा ना, सर!”

“मी निरीक्षण करतो आहे.”

“काहून उतरून नाही राहिले ते?” सौभाग्यवतींनी विचारले.

“फसले साहेब,” गफ्फारभाई म्हणाले. दोनच शब्दांत त्यांनी माझी एकतीस वर्षांची नोकरी संपवली.

मग उपाय सुरू झाले. एकाने उजवा हात ओढला. दुसऱ्याने, न विचारता, डावा ओढला. सौभाग्यवती खोबरेल तेल घेऊन आल्या. (कुठे लावायचे, हे कोणीही विचारले नाही.) नीता वाकून आत पाहू लागली. तिच्या हातात मोबाइल होता.

“बाबा, माह्या सासूचं मी काय म्हनलं होतं?”

“आठवते.”

“मंग? आता तं नापास?”

“चाचणी संपलेली नाही,” मी म्हणालो. हे वाक्य छातीतून न येता गुडघ्यांमधून आले.

गफ्फारभाई जागेवर उकिडवे बसले, माझ्याकडे पाहिले, आसनाकडे पाहिले. “साहेब, गुस्सा नका करू. सरकीचं पोतं कसं काढलं होतं आपन?”

सतरंजी आली. ती माझ्याखाली सारण्यात आली. पोत्याला दोन माणसे लागली होती. मला चार लागली. अख्ख्या गल्लीदेखत मी पाठीवर निजून, पाय आभाळाकडे करून, माझ्याच गतिरोधकाशेजारी बाहेर आलो. एका पोराने “गणपती बाप्पा” म्हटले. उत्तर पुष्कळांनी दिले.

आता मोटार राहिली. जॅक लावायला खाली जागाच नव्हती. ढकलावे तर पोट सोलून निघेल, असे टायवाला रडकुंडीला येऊन सांगू लागला. गफ्फारभाईंनी घरातून सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आणली आणि माझ्यासमोर उभे राहिले.

“साहेब, उंचवटाच फोडा लागते. फोडू?”

सगळे माझ्याकडे पाहत होते. तीन वर्षांचे अर्ज माझ्या डोळ्यांपुढून गेले.

“फोडा.”

टाळ्या पडल्या! या गल्लीत राहून मला अठ्ठावीस वर्षे झाली. माझ्यासाठी टाळ्या प्रथमच पडल्या. सब्बल नंतर हातोहात फिरली. समोरच्या देशमुखबाई सांधेदुखीमुळे देवळातही जात नाहीत, त्यांनीही दोन घाव घातले.

मोटार सुटली. पोटावर एक लांब ओरखडा होता. टायवाला तो बोटाने चाचपून पाहू लागला. दिनेशराव मोटारीच्या बाजूला उभे होते आणि तिच्याकडे न पाहता माझ्या वहीकडे पाहत होते, निकालाच्या दिवशी शाळेच्या फळ्याकडे पाहावे तसे.

वही उघडली. पिवळी सात, तांबडी तीन. तांबडी भारवहनात नापास, उंचीत नापास, आसनातून निरीक्षक काढण्यास माणसे चार. नीता समाधानाने हाताची घडी घालून उभी राहिली. सही तेवढी राहिली होती.

“साहेब,” गफ्फारभाई सब्बल पुसत म्हणाले, “एक बात सांगू? पटाच्या बैलाले नांगराले जुपून पाहाले तुमी. तो बैल पडला, त्याच्यात बैलाचा काय कसूर?”

मी पेन थांबवले. एकतीस वर्षांत माझी पद्धत चुकल्याचे कोणी सिद्ध केले नव्हते. आज सब्बल हातात घेतलेल्या माणसाने केले.

मी शेरा लिहिला आणि वाचून दाखवला: ‘पिवळी नांगराची, उत्तीर्ण. तांबडी पटाची. पटाची म्हणून प्रथम श्रेणीत उत्तीर्ण. चाचणीत नापास: गतिरोधक.’

दिनेशराव खाली वाकले. नमस्काराला वाकले असे मी समजलो. ते ओरखड्यावरून हात फिरवत होते. “हा असाच राहू द्या,” ते टायवाल्याला म्हणाले, “मामाजीची सही आहे हे.”

“बाबा!” नीता ओरडली. “तुमी माहे बाप आहे का त्याहिचे?”

“अहवाल चाचणीआधी लिहीत नसतो.”

“बरं! मंग ऐका. माह्या अकोल्याच्या दारात ही येनार नाही. पास केली ना तुमी? ठेवा तुमच्याच दारात! त्याहिले चालवाची हौस आली का येतीन अमरावतीले. तवापर्यंत तुमीच सांभाळा.”

ही शिक्षा आहे, असे तिला वाटले. मी कठोर चेहऱ्याने मान्य केली. चेहरा कठोर ठेवण्यास बरेच कष्ट पडले. सौभाग्यवतींनी तेवढ्यात “ऊन डोयावर येऊन राहिलं वाट्टे” असे म्हटले. जावयाने त्यांना सगळे सांगितले होते तर!

सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी मी मोजपट्टी घेऊन अंगणात पालथा पडलो, तांबडीच्या पोटाखालचे अंतर पुन्हा एकदा मोजले आणि महानगरपालिकेस अर्ज लिहिला: आमच्या गल्लीतील गतिरोधक नव्याने बांधताना त्याची उंची तीन बोटांहून अधिक नसावी, पूर्वीचा गतिरोधक एका हट्टी व अडाणी नागरिकाच्या आग्रहामुळे अवाजवी उंच झाला होता. खाली सहीची जागा रिकामी सोडली. माझी सही अभियंता ओळखील, म्हणून अर्ज सहीसाठी गफ्फारभाईंच्या हाती देऊन आलो.