शिडीकाकूंनी राखलेली फांदी

शिडीकाकू पहिल्या दिवशी करवत आणायच्याच नाहीत. टिटवाळ्याला आईकडे त्या पहिल्यांदा आल्या त्या रिकाम्या हातांनी. खुर्ची मागून घेतली, अंगणातल्या आंब्याखाली बसल्या आणि तासभर नुसत्या वर बघत राहिल्या. मी डोंबिवलीहून खास रजा टाकून आलेले. मनात म्हटलं, झालं, ही बाई आता मुहूर्त काढणार. तेवढ्यात त्यांनी दुसरा चहा मागितला.

तो आंबा बाबांनी लावलेला. ते गेल्यापासून आठ वर्षं त्याला कोणी हात लावला नव्हता. निम्म्या झाडावर बांडगूळ चढलेलं, मोहोर बंद, आणि एक वाळकी फांदी शेजाऱ्यांच्या पत्र्यावर टेकलेली. शेजारी रोज येऊन बोलून जायचे. शेवटी आईने झाड तोडायच्या अर्जावर सही केली आणि त्या दिवसापासून तिचं जेवणावरून मनच उडालं. तो अर्ज माझ्या पर्समध्ये होता. काकू खुर्चीतून उठल्या आणि म्हणाल्या, "झाड म्हातारं नाहीये गं. त्याच्याकडे कोणी बघितलेलं नाहीये. तीन वर्षं द्या मला." मी हो म्हटलं, पण अर्ज फाडला नाही. तेवढा विश्वास नव्हता.

काकू मोहन्याच्या. नवरा होता तोवर तिथल्या कारखान्यात, आणि झाडं छाटायचं हे काम त्या कारखान्याच्या कॉलनीतल्या माळ्याकडून शिकलेल्या. शाळेतून रिटायर झाल्यावर त्यांनी ॲल्युमिनियमची शिडी घेतली, म्हणून हे नाव. शिडी रिक्षात आडवी घालून, बाहेर आलेल्या टोकाला लाल फडकं बांधून त्या यायच्या. साडीखाली नवऱ्याची पँट. प्रत्येक कापावर चुना-मोरचुदाचा लेप बोटांनीच लावायच्या, त्यामुळे नखं कायम निळी. जेवायच्या आधी आई त्यांना तीनदा हात धुवायला लावायची.

कापायचा क्रम ठरलेला. "आधी मेलेलं, मग आजारी, मग एकमेकांना घासणारं. मग खाली उतरायचं." हे खाली उतरणंच सगळ्यात अवघड, असं त्यांचं म्हणणं. मला ते कुठलं पटायला. पहिल्या वर्षी, दसरा झाल्यावर, त्यांनी झाडाचा जेमतेम तिसरा हिस्सा छाटला. पत्र्यावरची फांदी गेली, शेजारी गप्प बसले. मी मात्र शहाणपणा केला. पंधरा दिवसांनी एक माणूस बोलावून आणखी चार मोठ्या फांद्या उतरवल्या, म्हटलं एकदाच काय ते होऊन जाऊ दे. झाडाने सरळसोट फुटव्यांचं नुसतं रान माजवलं, आणि मोहोराचा एक तुरा नाही. आई माझ्याशी बोलेना. काकूंनी मला खुर्ची दिली. "घाबरलंय ते. बस इथे. बघ त्याच्याकडे." मी तासभर बसले. रडलेही, खोटं कशाला बोलू.

दर वर्षी काम संपलं तरी काकू एक फांदी मुद्दाम सोडायच्या, हात पोचत असूनही. आईने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पुढच्या वर्षी यायला काहीतरी कारण नको का?" त्या एकट्या राहायच्या. आईही एकटीच. त्या फांदीवर दोघींचं वर्षभराचं भागायचं.

माझ्या शहाणपणाने तिनाची चार वर्षं झाली. चौथ्या वर्षी काकू आल्या त्या निम्म्या होऊन. शिडीवर मी चढले, त्या खालून धरून उभ्या. "आधी खालून थोडं काप, मग वरून. नाहीतर साल सोलवटेल." काम झालं. राखायची फांदी सोडून मी उतरायला लागले.

"ती पण घे," काकू म्हणाल्या.

आई पुढे झाली. "ताई, राहू द्या ना ती."

काकूंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "या वर्षीच झालेली बरी."

आम्हा दोघींनाही कळलं. मी फांदी कापली. लेप लावताना मला नीट दिसत नव्हतं.

जाताना त्यांनी शिडी नेली नाही. माघात झाड मोहोरलं, तेव्हा आईने माझ्याकडून अर्ज मागून घेतला आणि फाडला. मोहोराचा फोटो मी काकूंना हॉस्पिटलात दाखवला. आंबे उतरेपर्यंत त्या राहिल्या नाहीत. केवढा राग आला होता मला त्या आंब्यांचा.

आता दसरा झाला की शिडीवर मी चढते. गेल्या वर्षी कामाच्या भरात शेवटच्या फांदीवरही करवत टेकवली. खाली आई शिडी धरून उभी होती.

"ती राहू दे," ती म्हणाली. "उतर आता."