अंतऱ्याला उठणारे मामा

सानगडीचे आमचे मामा गाणं ऐकायला कधी बसलेच नाहीत. गाणं लागलं की ते उठायचे. अंतरा सुरू होतो न होतो तोच स्पीकरच्या डब्ब्याला कान लावायचे, मागची वायर हलवायचे आणि "बेस फाटून राहिला" म्हणत गाणं बंद! गावाने त्यांना 'डब्बेवाले' करून टाकलं ते काही उगाच नाही. सागाच्या फळ्यांचे ते दोन्ही डब्बे त्यांनी स्वतः ठोकले होते.

मामी तिथेच तांदूळ निवडत असायची. "गाना पुरा होऊ द्या नं एकडाव," ती म्हणायची. "तुमच्यापायी मले एकबी गाना शेवटपर्यंत मालूम नाही."

"आवाज साजरा तं गाना साजरा," हे मामांचं ठरलेलं उत्तर.

आवाज साजरा करायला हा माणूस काय वाटेल ते करी. डब्ब्यात कापूस भरला की आवाज गोल होतो, असं त्यांनी मोबाइलवर पाहिलं. आमच्या धानाच्या मुलखात कापूस कुठला? मामांनी तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, भरलं. त्यात मळणीत चुकलेले दाणे राहिलेले. थोड्याच दिवसांत गाण्यामागे चिरचिर ऐकू येऊ लागली, आणि मामा आपले ट्रेबल कमी करत बसले. शेवटी मामीच म्हणाली, "उंदीर होय तो!" तेव्हा कुठे डब्बा उघडला.

वैतागून मी एकदा विचारलं, "मामा, तुम्हाला गाणं आवडतं की डब्बा?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहून आवाज खाली आणला. "गाणारी बाई तुह्या मामीसमोर येऊन बसली पाह्यजे. अजून दारातच उभी हाय."

बायकोवर असं प्रेम करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि हे त्यांनी मामीला कधी सांगितलं असेल, असंही वाटत नाही.

मागच्या वर्षी धान घरात आलं आणि मामा गेले. तेरवी आटोपल्यावर मी मामीजवळ थांबले. एका सकाळी, तिला जरा बरं वाटावं म्हणून, तिचं आवडतं गाणं लावलं. पहिला अंतरा झाला, दुसरा झाला. आवाज खरंच सुंदर होता, गाणारणीचा श्वाससुद्धा कळत होता. मला मामा फार हवे होते त्या वेळी. मामी सूप मांडीवर घेऊन डब्ब्याकडे पाहत होती. गाणं संपलं.

"पुरा झाला वं," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. "कोणी उठलाच नाही."